ब्लॉगवरचं गाऱ्हाणं

४ नोव्हेंबर
शुभांगी टीचरने वर्गाचा ब्लॉग काढला. प्रत्येकाने दर आठवड्याला एक पोस्ट. लिंक पालकांच्या ग्रुपवर. आईचा फोन बटनांचा, म्हणून ग्रुपवर अजून बाबाचाच नंबर. टीचर म्हणाली, "खरं तेच लिहा. खोटं सापडलं तर पालकांना बोलावीन." झाली पंचाईत. बाबा आईशी भांडून वास्कोला बंदरावर कामाला गेला तो चवथीच्या गणपतीला पण आला नाही. आईला बोलावलं तर ती शाळेतच रडणार.

११ नोव्हेंबर
देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं – बा देवा म्हाराजा, गणिताच्या सरांची स्कूटर धारगळच्या चढावर बंद पडू दे. वर्ग हसून लोळला. खाली कोणीतरी नाव न टाकता, गाऱ्हाण्याला सगळे ओरडतात तसं लिहिलं – व्हय म्हाराजा.

१८ नोव्हेंबर
आमच्या गाईवर लिहिलं. परत तोच. "व्हय म्हाराजा. चांदीला वासरू झालं काय?"
गाईचं नाव मी लिहिलंच नव्हतं!

१९ नोव्हेंबर
शेजारच्या गौरेशला धरला. तूच ना रे?
"येडो काय तू? मी माझी पोस्ट वाचनय नाय, तुझी खंय वाचू?"
खरं वाटलं. तो आळशीच.
मग संशय टीचरवर. परवा वाटेत गाडी थांबवून आईशी बोलत होती. आईला विचारलं, काय म्हणाली? "काय नाय रे. गाय बरी दिसता म्हणाली."
सापडली! माझ्यावर पाळत. आणखी काय काय काढून घेतलं असेल आईकडून?

२५ नोव्हेंबर
सापळा लावला. पोस्ट – आंब्यावरून पडलो, पाय मोडला, उद्या शाळेत नाही. जो बघायला येईल तो चोर. टीचरच येणार. खोटं पकडलं म्हणून आईला बोलावते म्हणाली, तर आधी मी विचारणार – गाईचं नाव कुठून कळलं?

२६ नोव्हेंबर
दुपारी फाटक वाजलं. कुत्रा भुंकलाच नाही, नुसता शेपूट आपटत बसला. जनेलाच्या गजांतून बघितलं.
अंगणात बाबा. हातात बेकरीच्या उंड्यांची पिशवी, अंगावर बंदरावरचेच कपडे.
"पाय खंयचो रे? आणि चांदीक वासरू झाला काय नाय, सांगलंच नाय तू."
दार उघडायला गेलो तो लंगडत गेलो.
बा देवा म्हाराजा, आई शेतातून येईस्तोवर हा पाय मोडलेलाच राहू दे.