मायरा ताऱ्याची हजेरी

५ डिसेंबर १९३७, रविवार. शहापूर.
आजपासून शिस्त. तिमिंगल तारकासमूहातला मायरा तारा मंद होत होत नाहीसा होतो आणि काही महिन्यांनी पुन्हा तेजस्वी होतो. रोज संध्याकाळी सातला परसात उभं राहायचं, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज मोजायचं, महिनाअखेर ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या पुण्याच्या मंडळाला तक्ता धाडायचा. येळ्ळूरचा शेतकरी भावकूही खळ्यावरून बघतो. त्याचे आकडे माझ्यामार्फत जातात. बिचाऱ्याला गायडन्स लागतोच.

८ डिसेंबर.
थंडी लई. सर्दी झाली तर मुलांची शाळा बुडेल. ताऱ्याचं तेज रोज किती वाढणार ते पुस्तकात दिलेलंच आहे. तिथून आकडे भरले.

१२ डिसेंबर.
मागच्या आठवड्याचे आकडे भरले, पुढचेही. इन्स्पेक्टर यायच्या आधी हजेरीपट भरतो तसेच. तारा काही गैरहजर राहत नाही. मन जरा खातं. जेवण मात्र गेलं.

१९ डिसेंबर.
भावकू वही घेऊन आलता. त्याच्या मते तारा वाढलेलाच नाही. लाल शाईनं सगळं दुरुस्त केलं आणि म्हणालो, डॉक्टरला डोळे दाखव. त्यानं वही मिटली. मग म्हणाला, बाचं डोळं बी असंच गेलतं. चहा दिला. दुसरं काय करणार?

२३ डिसेंबर.
भावकूची बायको गुणाबाई शाळेत आली. दिवस मावळला की धनी गाडी जुंपत न्हाईत, मळणीला बैल बी दुसऱ्याच्या हातात देत्यात, म्हणाली. तुमीच सांगा गुरुजी, डोळं खरंच गेल्यात काय? उद्या सांगतो म्हणालो, घंटा झाली होती. नसती झाली तरी हेच म्हणालो असतो.

संध्याकाळी ७.
परसात गेलो. या महिन्यात पहिल्यांदाच. भावकूनं लिहिलंय तेवढाच तारा. मंद. स्वतःची फार लाज वाटली.

२४ डिसेंबर.
येळ्ळूरला जाऊन कबूल केलं. म्हणजे निम्मं. तुझे आकडे बरोबर, चूक माझी, एवढंच. भावकूचा जीव भांड्यात पडला. मग माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, म्हंजे डोळं तुमचं गेल्यात, गुरुजी. सोमवारी बेळगावला दावूया, मी गाडी घिऊन येतो. नको म्हणायला कारण सुचेना. मला.

२७ डिसेंबर, सोमवार.
डॉक्टर म्हणाले, नजर फर्स्ट क्लास. माझ्याआधी भावकूनंच हात जोडले. शहापुरात गाडी शिरेपर्यंत खुशीत होता. मग विचारलं, डोळं चांगलं, तर चुकलं कसं ओ?

सांगितलं. बघितलंच नव्हतं.

रागावला असता तर बरं झालं असतं. गाडी दारात सोडून तो आत आला. माझे आकडे न बघता भरलेत, असं पुण्याच्या मंडळाला पत्र समोर बसून लिहून घेतलं. सही करायच्या आधी मला मोठ्यानं वाचायला लावलं. दोन ठिकाणी ‘प्रकृतीच्या कारणाने’ असं होतं. ते खोडायला लावलं.