साइड मार्जिन

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून नोंद ठेवणार. गोदाई रो-हाऊसेस, एकूण बारा घरं. पैकी अकरा बेकायदा. बाराव्यात मी राहतो.

सातपूरची नोकरी सोडून सात महिने झाले. तत्त्वासाठी सोडली. (सुपरवायझरच्या मते काढलं. त्याला तत्त्व कळत नाही.) उज्वला विचारत होती, पुढे काय करणार. म्हटलं, सध्या मी पूर्णवेळ नागरिक आहे. ती म्हणाली, मग पूर्णवेळ नागरिकाने निदान दूध तरी आणावं. बायकोला सिव्हिक सेन्स नाही.

९ सप्टेंबर, स. ७.१०
शेजारचे फकिरा काका. मूळचे सिन्नरकडचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर. घरापुढच्या गटारीवर कडप्पा टाकला, वर पत्रा ठोकला, खाली झोपाळा टांगला. याला ते पोर्च म्हणतात. गटार सरकारची, झोके यांचे. रोज सकाळी झोपाळ्यावरून विचारतात, काय ग्यानेश, आज पण सुट्टी हाय का? रोज. सात महिने.

हे वैयक्तिक नाही. प्रश्न कायद्याचा आहे.

१० सप्टेंबर, रात्री जेवणाआधी
महापालिकेचं ॲप टाकलं. तक्रार क्र. १: पोर्च. वर्णन दीडशे शब्दांत लिहिलं. मर्यादा शंभर निघाली. अधिकाऱ्यांना वाचायची सवय नसते.

'मिळकत क्रमांक' टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. तो घरपट्टीच्या बिलावर असतो. काकांचं बिल माझ्याकडे कुठून येणार? डोकं चालवलं, आपल्या बिलावरचा टाकला. तक्रार कोण करतंय हे त्यांना कळायला नको? फॉर्म लगेच गेला. सामान्य माणूस इथेच अडकत असणार.

१४ सप्टेंबर, रविवार
तक्रारी सहा. पाच नंबरच्या सुवर्णा टीचरची टाकी गळते, भिंतीवर शेवाळ. मुलांना स्वच्छतेवर निबंध लिहायला लावते ही बाई. नऊ नंबरच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं गवत. उरलेल्या तीन परत पोर्चच्या, वेगवेगळ्या अँगलने.

उज्वलाने विचारलं, आणि आपल्या शेडचं काय? आमच्या साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला नियमाने मोकळ्या सोडायच्या पट्टीत, पत्र्याचं शेड आहे. तिथे ती आणि कामाला येणारी चिमणाबाई फुलांचे हार करतात. फुलं तिचा भाऊ सोमा मखमलाबादच्या मळ्यातून आणतो. म्हटलं, आपलं शेड तात्पुरतं आहे. ती म्हणाली, बारा वर्षं झाली. म्हटलं, तात्पुरतेपणाला मुदत नसते.

हार हा तिचा छंद. सध्या घर त्या छंदावर चालतं, हा योगायोग.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
तक्रारी सतरा. चार दिवसांत काही हललं नाही तर आयुक्तांना पत्र. मसुदा तयार आहे. अकरा पानं.

उज्वलाला दसऱ्याच्या ऑर्डरी. मंडळं, दुकानं, गॅरेजवाले. म्हणते, वर्षाचं गिऱ्हाईक या दोन दिवसांत जुळतं नाहीतर तुटतं. यंदा माल वेळेवर गेला नाही तर कोणी परत उभं करणार नाही. जरा दोरा ओवायला बसा म्हणाली. बसलो. माझं काम वेगळ्या पातळीवरचं आहे हे अकरा मिनिटांत लक्षात आलं. उठलो.

२५ सप्टेंबर
फोन आला! महापालिकेतून कोणी संतोष. म्हणाला, साहेब, एका मिळकतीवर सतरा तक्रारी, आपल्या विभागात रेकॉर्ड आहे. सिंहस्थाची तयारी चालू आहे, वरून अर्जंट आलंय, लगेच घेतो. म्हटलं, कोणाचीही गय करू नका. त्याने विचारलं, मालक तुम्हीच बोलताय ना? म्हटलं, मीच बोलतोय. इथे दुसरं कोणी बोलतच नाही. तो म्हणाला, अशी माणसं राहिली नाहीत साहेब.

शेवटी कोणीतरी ओळखलं.

२६ सप्टेंबर
संतोष आणि दोघं टेप घेऊन आले. मोजणी आमच्या शेडपासून सुरू केली. बेस पॉइंट लागतो. टेपचं टोक मी धरलं. संतोषने नऊ फूट लिहिलं. म्हटलं, नीट बघा, नऊ फूट चार इंच आहे. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. सही मागितली, दिली. चहा पाजला.

पोर्च न मोजताच गेले. दोन टप्प्यांत करत असतील.

२७ सप्टेंबर
आमच्या गेटवर नोटीस चिकटवलेली. तक्रारदारासाठी प्रत. फोटो काढून ठेवला.

उज्वलाने वाचली. म्हणाली, यात नाव तुमचं आहे. म्हटलं, तक्रारदाराचं नाव असणारच. म्हणाली, 'शेड स्वतःहून काढून घ्यावे' लिहिलंय. म्हटलं, तो सरकारी नमुना असतो, सगळ्यांना तोच. तिने परत वाचली. मग सोमाला फोन केला. भावाचं ऐकणारी घराणी अशीच.

२९ सप्टेंबर, स. १०.४०
पत्रे उतरवले. आमचे.

संध्या. ६
संतोषने मोबाईलवर दाखवलं. सतरा तक्रारी, सतरा वेळा आमचाच मिळकत क्रमांक. म्हटलं, अहो फोटो बघा, फोटोत झोपाळा दिसतोय. तो म्हणाला, फोटोला नोटीस काढता येत नाही साहेब, नंबरला काढतो.

प्रणालीतला दोष. माझा नाही.

उज्वला बोलत नाही. तिच्या वाट्याचं चिमणाबाई बोलते. म्हणाली, आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलेला ऐकला होता, सतरा धोंडे पहिल्यांदा बघितले.

३० सप्टेंबर
सकाळी सोमा झेंडूचे चाळीस कॅरेट उतरवून गेला आणि पाऊस आला. ताडपत्री बांधायची जबाबदारी मी घेतली. गाठ सुटली. (दोरी हलकी होती.) नऊ कॅरेट भिजले. भिजलेला झेंडू दोन तासांत काळा पडतो म्हणे. उज्वला पावसात उभी राहून एकेक कॅरेट तिरका करून पाणी काढत होती. मी घरात येऊन महावितरणचं ॲप उघडलं. का ते आठवत नाही.

फकिरा काका छत्री न घेता आले. म्हणाले, पोरी, रडू नको, उचल सगळं, आमचा पोर्च लय मोठा हाय. झोपाळा काढून भिंतीला लावला. त्यांच्या नवसाकाकू, सुवर्णा टीचर, सगळे कॅरेट वाहत होते. मी निरीक्षण केलं. नंतर दोन उचलले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, दु. ३
पोर्चमध्ये बसून लिहितोय. सकाळपासून दोरा धरतो. ओवायचं काम मला देत नाहीत. बांबूवर दोनेकशे हार लोंबतायत. गॅरेजवाले येऊन नेतायत. बाकी सगळे संध्याकाळपर्यंत आणि उद्या पहाटे. उज्वला काल दुपारपासून बसलीय, बोटं पिवळी झालीत. माझ्याशी बोलते, पण फक्त दोऱ्याबद्दल.

आत्ता संतोषचा फोन. म्हणाला, साहेब, वर चूक लक्षात आली, सॉरी. त्या पोर्चवाल्यांचा मिळकत क्रमांक सांगा, सगळ्या तक्रारी तिकडे वळवतो. गाडी आज तुमच्याच भागात आहे, तासाभरात पत्रा खाली.

काकांचं घरपट्टीचं बिल समोरच खिळ्याला टोचलेलं. क्रमांक स्पष्ट दिसतो. काका त्याच्याखाली बसून झेंडूची देठं तोडत होते. ऐकू कमी येतं त्यांना.

सणासुदीत कारवाई नको, अशी माझी पहिल्यापासूनची भूमिका आहे. पण ती संतोषला समजावत बसायला वेळ नव्हता. राँग नंबर म्हटलं आणि फोन ठेवला.

उज्वलाने मान वर न करता विचारलं, कोण होतं? म्हटलं, राँग नंबर. ती म्हणाली, बरं. दोरा ताठ धरा.