कॅप्टनदादाच्या मरणाचं चीज

१२ फेब्रुवारी १७६७. सकाळी दादाला पुरलं. दुपारी माणसं जेवून गेली. गाईंचं दूध काढलं. बर्फ थांबला आहे.

प्रिय पेत्रोनीताईस,

धाकट्या तेओदुलचा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, भावजींचा खोकलाही. वाट बर्फाने बंद म्हणून तुला येता आलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आंब्रोआझदादाच्या अंत्यविधीला तू याआधी दोनदा आलीच आहेस.

पहिल्यांदा तो स्पेनच्या राजाकडे लेफ्टनंट होता. तो गेला असं पलटणीचं पत्र आलं. आपण रडलो, घंटा वाजवली आणि त्याच्या बाप्तिस्म्याला त्याची खूण कोरून तळघरात ठेवलेलं चीज रीतीप्रमाणे फोडून गावाला वाढलं. दोन वर्षांनी, द्राक्षं तोडायच्या दिवसांत, हे गृहस्थ दारात उभे! (मेला होता तो दुसराच आंब्रोआझ.) आईला भेटायच्या आधी तळघरात उतरला आणि तिथूनच ओरडला, "मेल्यांनो, माझं चीज खाल्लंत?" नवं केलं. मग तो पिडमाँटच्या राजाकडे कॅप्टन झाला. पुन्हा तसंच पत्र, चीज फस्त, आणि पुन्हा हा दारात. पाद्रीबाबा म्हणाले, "कॅप्टनसाहेब, आम्ही तुम्हाला दोनदा स्वर्गाच्या वाटेला लावलं. परत येता ते तुम्ही." तिसरं चीज त्याने करूच दिलं नाही. म्हणे, "तोफांनी मी मरत नाही रे, तुम्ही चीज केलंत की मरतो."

तीस वर्षं दोन राजांची चाकरी करून शेवटी सर्दीने गेला, स्वतःच्या बिछान्यात. गावाचा विश्वास बसेना. शेजारचा झाकारी तीनदा येऊन पाहून गेला. "तेओदुल, यंदा नक्की ना? नाहीतर उगाच चांगला कोट काढायचा." मी म्हटलं, काढ.

चीजशिवाय आपल्या गावात कुणाला निरोप दिलेला नाही. म्हणून माझं फोडलं, दोन चिरा आणि एक टिंब अशी माझी खूण असलेलं. साठ वर्षांचं ते, कुऱ्हाड घ्यावी लागली. सगळे दादाबद्दल चांगलं बोलले. (तोंडात चीज असल्याने थोडक्यात.)

त्याच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. हिवाळाभर त्याच्या खोलीला वास येत होता. मोजे धू म्हटलं, तर म्हणाला, "कॅप्टनला हुकूम सोडतोस होय रे?" आता घर शांत आहे. मी ठीक आहे.

तुझा,
तेओदुल

ता. क. तेवढा ठीक नाही. माझ्या वेळेला आता चीज नाही, आणि नवं मुरेपर्यंत मी थांबेन असं वाटत नाही. तुझ्या चीजमधलं अर्धं माझ्यासाठी ठेवशील का?

पुन्हा ता. क. राहू दे. गणवेश ठेवायला आत्ता दादाची पेटी उघडली. मोज्यांचा काही दोष नव्हता. तळाशी, त्याच्या चांगल्या कोटात गुंडाळलेलं, गेल्या उन्हाळ्यातलं चीज आहे. त्यावर दोन चिरा आणि एक टिंब. मी माझं फोडणार, हे त्याला ठाऊक होतं.

एका बाजूला बुरशी धरली आहे. मिठाचं पाणी आणि फडकं घेतलं आहे. पुसतो, आणि उलटं करून तळघरात मुरायला ठेवतो.