दादाच्या गाडीतले स्पीकर

१० फेब्रुवारी १९८६

स्पीकर पुन्हा जळले! दिवाळीपासूनची ही तिसरी जोडी.

दादा वऱ्हाड घेऊन पालीला गेला होता. वाटेत आधी फरफर, मग जळका वास, मग काहीच नाही. परतीला वऱ्हाडातल्या पोरांनी दुसऱ्याची टॅक्सी केली. गाणी नाहीत तर तुझी गाडी कशाला! घरी येऊन दादा विठू रेडिओवाल्याला शिव्या देत बसला. "नकली माल गळ्यात मारलान मेल्यानं."

बाबा सुपारी कातरत म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघू. नायतर गाडी विकून टाक नि गप बोटीवर जा."

दादा उठून गाडी पुसायला गेला. बोटीचं नाव काढलं की तो असंच करतो. नऊ वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली त्याने. तो तिथे होता म्हणून मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. आता त्याला इथे राहायचंय, टॅक्सी चालवायचीय. राहू दे ना!

११ फेब्रुवारी

विठूकडे गेले. "ताई, स्पीकर मी विकतो. जाळतो तुमचा शिवा!" फार लागलं. पण जळलेला स्पीकर उघडून बघितला. कागद धड आहे, आतली तार मात्र काळीठिक्कर. म्हणजे माल वाईट नव्हता. तार तापवली कुणीतरी.

१३ फेब्रुवारी

दादाने टेप आणि स्पीकरना ताकद देणारा बूस्टर सिंगापूरहून आणला, त्याबरोबरचं इंग्रजी माहितीपुस्तक कुणी उघडलंसुद्धा नव्हतं. आज मी वाचलं. बूस्टरवरचं बटण आवाज मोठा करायचं नाहीच! टेपकडून येणारा आवाज बूस्टरने किती ओढायचा, ते ठरवायचं. दादाने ते शेवटपर्यंत पिळून ठेवलंय. ताकदीपलीकडे मागितलं की आवाजाच्या लाटेचा माथा कापला जातो. कॉलेजात प्रॅक्टिकलला यंत्राच्या पडद्यावर पाहिलं होतं. डोंगर माथ्यावर सपाट होऊन आमच्याकडचा पठारी सडा व्हावा, तसा. त्या सपाट लाटेनेच तार भाजते.

तेव्हा ती आकृती मार्कांसाठी काढली होती. आज वाटलं, शिकलेलं घरच्या कामी आलं नाही तर शिकून काय केलं!

१६ फेब्रुवारी

नवे स्पीकर बसवले. सगळं मी लावलं. जाड आवाजाचं आणि बारीक आवाजाचं, दोन्ही बटणं मध्यावर. टेपचा आवाज पाऊण. मग बूस्टरचं बटण शून्यापासून हळूहळू वर. गाण्यात चरचर सुरू झाली की थांबायचं, थोडं मागे यायचं. पुन्हा त्याला हात लावायचा नाही. एवढंच!

आई शेजारच्या येसूबाईंना सांगत होती, "माझी कमळी गाडी दुरुस्त करते गो!"

दादा मात्र तोंड वाकडं करून म्हणाला, "बी.एस्सी. बाई, गाणं घोंगडीत गुंडाळलंस!"

१९ फेब्रुवारी

त्याने सगळी बटणं फिरवली. बारीक आवाजाचं तर पार टोकाला! मी परत जाग्यावर आणली.

"गाडी माझी हाय."

"मग स्पीकरही तुझेच जळतील."

२० फेब्रुवारी

पुन्हा फिरवली.

२३ फेब्रुवारी

दादाला पटवायचं म्हणून भाट्याच्या सुरूबनात गाडी नेली. गाणं लावलं. म्हटलं, "मी बटण वाढवते. चरचर ऐकू आली की हात वर कर." वाढवलं. चरचर आली. दादाचा हात मांडीवरच. अजून वाढवलं. मोहरी तडतडावी तसं व्हायला लागलं. हात मांडीवरच. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, अंदाज घेत.

मी टेप बंद केला. "दादा, खरंच नाही आलं?"

त्याने मांडीवरचा हात कानाला लावला. "मुंबईच्या डाक्टरनं पण असंच केलान. कानाला यंत्र लावलान नि म्हणालान, ऐकू आलं की हात वर कर."

"म्हणजे बोट तू सोडली नाहीस?"

"बोटीनं मला सोडलान."

जाड आवाज येतो त्याला. समोर बसून बोललेलं कळतं, थोडं ओठांवरून. बारीक, टोकदार असतं ते सगळं गेलं, त्या इंजिनांत. म्हणून ते बटण टोकाला. आणि मी त्याला हट्टी म्हणत होते!

"बाबांना बोलू नको गो. शिमगा होव दे. गाडीशिवाय माझ्याकडं काय हाय?"

शब्द दिला.

२ मार्च

आता पुढच्या सीटवर मी असते. मागून हॉर्न वाजला की त्याच्या खांद्याला हात लावते. बाबा म्हणतात, "ही काय क्लीनर झाली?" स्पीकर उत्तम वाजतात. गिऱ्हाइकं खूश. त्याच्यासाठी ते गाणं कसं वाजतं, कोण जाणे.

१८ मार्च

शिमग्याला मुंबईहून आलेलं एक कुटुंब पालीला सोडत होतो. मागच्या बाईंनी पाणी मागितलं, म्हणून मी वळले. तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न, नुसता हॉर्न! माझा हात पोचायच्या आत दादाने बैलगाडी चुकवायला गाडी उजवीकडे घेतली. ट्रक आरसा उडवून गेला. बाईंच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

बाईंचा नवरा ओरडला, "बहिरा आहेस काय रे?"

दादा मागे वळला, हसला! हसून म्हणाला, "साहेब, गाणं मोठं होतं." गाणं लावलेलंच नव्हतं.

१९ मार्च

त्याला दिलेला शब्द आणि ते तान्हं मूल. दिवसभर दुसरं काही नाही डोक्यात.

२० मार्च

बाबांना सांगितलं. विहिरीजवळ, हळू आवाजात. त्यांनी हातातला रहाट सोडून दिला. मग घरात जाऊन खुंटीवरची गाडीची चावी घेतली नि कनवटीला लावली. दादा पडवीत होता. एक अक्षर त्याच्यापर्यंत गेलं नसेल. पण त्याने आमची तोंडं पाहिली.

२२ मार्च

दादा सकाळपासून अंगणात पाठ करून बसलाय. मी हाक मारली, पुन्हा मारली. वळला नाही. ऐकू येत नाही म्हणून, की आता माझ्याशी बोलायचंच नाही म्हणून? पुढे जाऊन त्याच्या समोर उभं राहायचा धीर होत नाही.