पंधरा हात

कुरणबंदर, ता. रत्नागिरी
मंगळवार

प्रिय दादा,

बोटीवर पत्र कोण पाठवतं, म्हणून हसशील. हस. फोनवर तू दर वेळी 'बघू गं, होईल' म्हणतोस आणि तुझी रेंज जाते. तीही नेमकी नको तो विषय निघाला की. म्हणून हे कागदावर, तुझ्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसमार्फत. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात, आणि ती त्याहून जास्त.

वाडीत कावीळ आली, हे तुला ठाऊक आहे. अकरा जण आजारी पडले. धोंडूबाईची नात ऋतिका तर आठ दिवस दवाखान्यात होती. विहिरीचं पाणी दूषित निघालं आणि ग्रामपंचायतीत सगळ्यांना एकदम कायदा आठवला. गटाराचा ठराव चार वर्षं धूळ खातोय, त्याचं कुणाला काही नाही. पण विहिरीलगतच्या ओट्यावर मासळीची पाटी धुणारी एक म्हातारी सापडली आणि सभेत जो तो शहाणा झाला. ओटा काढून टाकावा, अशी नोटीस निघाली. सही ग्रामसेवकांची, पण लिहिली मी. लिपिकाला दुसरं काय काम?

धोंडूबाईने ती घेतली नाही. "बाय, तीस वरसं मी हितंच पाटी धुतेय. तवा कोनाला कावीळ नाय झाली," एवढंच म्हणाली. मी नोटीस दाराला चिकटवली, फोटो काढला, पंचांच्या सह्या घेतल्या. पाटी धुणं तिने त्याच दिवशी बंद केलं, पण ओटा मोडेना. मोडला तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल म्हणे. म्हणून खटला भरला. आतापर्यंत तीन तारखा झाल्या. तारखेला ती सकाळच्या एसटीने रत्नागिरीला जाते, कोर्टाच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसते आणि पुढची तारीख घेऊन येते. वाडीने तिच्याकडून मासळी घेणं सोडलंय. आपल्या आईनेसुद्धा. आजारी पडली ती तिची नात, आणि पाणी नासवल्याचा ठपकाही तिच्यावरच! बरं, पाटी धुणं बंद झालं तरी पुढचा नमुना दूषितच आला. तो अहवाल फाईलला लावताना ऑफिसात कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही.

मग शिमगा आला. पालखी घरी येणार म्हणून आईने नव्या संडासात फिनेलची अख्खी बाटली ओतली. तिसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याला फिनेलचा वास. वाडीने तोही धोंडूबाईच्याच नावावर घातला. म्हणे सूड उगवला. मी मात्र टेप घेतली आणि मोजलं. विहिरीपासून साडेबावीस फुटांवर शोषखड्डा आहे, दादा, आणि तो आपला आहे. गेल्या वर्षी तू हौसेने बांधून घेतलेला. परवानगीत पंधरा मीटर लिहिलंय, म्हणजे जवळजवळ पन्नास फूट. आणि खाली सगळा जांभा, पाणी त्यातून चाळणीतून गळावं तसं गळतं.

तुला टेपचा फोटो पाठवला, त्यावर तुझं उत्तर काय? 'तू ऑफिसात आहेस ना, मिटव.' इतका राग मला तुझा कधी आला नव्हता. आई म्हणाली, घराची अब्रू चव्हाट्यावर मांडू नको. म्हणजे धोंडूबाईची मांडली ती चालते. मला दोघांचाही वैताग आला, आणि तो काढायला मी बाबल्या गवंड्याच्या घरी गेले. माप चुकवलंस, तुला लाज कशी वाटत नाही, असं बरंच बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पंधरा सोड, असं तूच बोललीस ना फोनवर? पंधरा हात बरोबर सोडलेत मी."

खरं होतं. तू आठ दिवसांत बोटीवर जाणार होतास, सगळी घाई. बाबल्याला वाचता येत नाही. विहिरीपासून किती सोडू, म्हणून त्याने मला फोन केला. माझ्यासमोर कागद होता, '१५ मी.' मी नुसतं पंधरा म्हटलं. आपल्याकडे विहिरीची खोली हातात, दोर हातात, त्याने अंतरही हातातच धरलं, दीड फुटाचा एक हात. पुढे काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखलाही मीच तयार केला. जागेवर न मोजता. आपलंच तर घर, मोजायचं काय?

सोबत नोटीस आहे. घर तुझ्या नावावर, म्हणून नोटीसही तुझ्याच नावाची, माझ्याच अक्षरात. पोच सही करून पाठव. संडास कालपासून बंद केलाय, त्यामुळे आईने माझ्याशी बोलणंही बंद केलंय. पंधराची गोष्ट मी ग्रामसेवकांना लेखी दिली आहे, आणि गुरुवारी धोंडूबाईच्या तारखेला कोर्टातही सांगणार आहे. नोकरीचं काय होईल, माहीत नाही. पण खरं सांगू? नुसती नोटीस पाठवली असती तरी चाललं असतं. कोर्टाच्या आधी मला हे धोंडूबाईला सांगायचंय, तिच्यासमोर उभं राहून, आणि तीन दिवस मी तिच्या कुंपणाच्या बेड्यापर्यंत जाऊन परत येतेय. ज्याच्यापुढे मी कधी लाजले नाही अशा एका माणसाला आधी सगळं सांगून बघावं, म्हणून हे लिहायला बसले. आता लिहून झालं. ती दारातच जाळं विणत बसली असेल. जाते.

तुझीच,
शमू