न मारलेले तीन गोल

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या कोरेगावच्या संघाचे आणि कुंडलचे गुण सारखे, तरी सेमीफायनलला कुंडल गेलं. का? तर त्यांचा गोलफरक जास्त. आणि तो वाढला कशानं? आज रहिमतपूरचा संघ त्यांच्याविरुद्ध खेळायला आलाच नाही, म्हणून त्यांना फुकटचे तीन गोल मिळाले. त्याच रहिमतपूरला आम्ही चिखलात झुंजून एका गोलनं हरवलं होतं. कुंडललाही हरवलं होतं. त्याला काहीच किंमत नाही?

स्पर्धेच्या सचिवांना म्हटलं, "आवं, जे गोल कुणी मारलंच न्हाईत, ते मोजता कसं? आमच्या दोघातली मॅच बघा की."

मोबाइलमधून मान वर न काढता ते म्हणाले, "नियम हाय. फुडच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! आमचा गोलकीपर महेश फौजेत आहे. सेमीफायनलसाठी त्यानं सुट्टी वाढवून घेतली होती. पुढच्या वर्षी तो कुठल्या पोस्टवर असेल, कुणास ठाऊक. तीन गोल, आणि चेंडूला पायसुद्धा लागलेला नाही!

मी ओरडलो, "नियम बदलला न्हाई, तर आमी परत उतरणार न्हाई."

मागून कुंडलचा कॅप्टन म्हणाला, "आमीबी न्हाई. असलं जिंकून गावात त्वांड दाखवाय लाज वाटती."

तेव्हा कुठं सचिवांनी मोबाइल खाली ठेवला. बैठक बोलावतो म्हणाले. बदलेल नियम, पण पुढच्या वर्षीपासून.

महेश मात्र उद्याच निघतोय. "थांबून आता करू काय, गड्या?" म्हणाला.