जजबाई मतं मागतात

६ सप्टेंबर

नाक भाजलं! आमच्या अमेरिकन कामगार दिनाच्या मिरवणुकीत उघड्या गाडीच्या पाठीवर बसून हात हलवत गावभर फिरले. गाडीच्या दोन्ही बाजूंना नवरोबाने, लिऑनने पाट्या चिकटवलेल्या — 'जज वर्ना कुबाला, पुन्हा एकदा'. मी मुठी भरभरून टॉफ्या उधळत होते. पुढच्या गाडीत शेरीफ. तो चॉकलेटं उधळत होता, लबाड. माझ्या टॉफ्या रस्त्यातच पडून राहिल्या. एक कार्टं वर ओरडलं, "ए आजी, तुझ्याकडे चॉकलेट नाही का?"

बारा वर्षं भल्याभल्यांना उभं करून शिक्षा सुनावतेय, आणि मतं मागायला निघाले की ही माझी पत!

११ सप्टेंबर

चर्चच्या हॉलमध्ये सॉसेज-बटाट्याचं जेवण. टेबलाटेबलावर जाऊन हात मिळवले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "आमच्या ओढ्यावरचा पूल कधी करताय?" म्हटलं, पूल माझ्याकडे नाही हो, मी जज. "मग तुम्हाला मत कशाला द्यायचं?" त्याची बायको त्याला कोपराने ढोसत म्हणाली, "अहो, आपल्याच पक्षाच्या आहेत त्या!" — "हां! मग आधी नाही का सांगायचं?"

झालं. मत पक्कं. मी काय निकाल देते, कसे देते, याची चौकशी शून्य. अंगात काळा झगा चढवला की मला पक्ष नाही, आणि मतपत्रिकेवर नावापुढे पक्षाशिवाय दुसरं काहीच नाही. लिऑन म्हणतो, "तुझं हे तत्त्वज्ञान राहू दे, अजून दोन टेबलं राहिलीत."

२१ सप्टेंबर

ट्रे लन्सफर्ड, माझा विरोधक. दात असे की आरसा नको. आज सकाळी अशिलाचं काम घेऊन माझ्याच कोर्टात आला — "जजसाहेब, आपली परवानगी असेल तर", "जजसाहेब, मी आभारी आहे". आणि संध्याकाळी रोटरीच्या सभेत तोच गडी माझी सालटी काढतोय! "जज कुबाला मनाने फार चांगल्या आहेत. गुन्हेगारांना विचारा." हशा. मीही हसले. काय करणार, विनोद बरा होता.

परत जाताना माझ्यासाठी दार धरलं त्याने. आई चांगली असणार.

४ ऑक्टोबर

आज जाहिरात आली. टीव्हीवर.

कर्टिस ऑकलीचा फोटो. शाळेतला, फुटबॉलच्या जर्सीतला. मागे रडकं पियानो. मग लेसी ब्रँटचा पोलिसांनी काढलेला फोटो. आणि जाड आवाजात: "हिने दारू पिऊन त्याचा जीव घेतला. वर्ना कुबालांनी हिला घरी पाठवलं. उद्या कुणाचं पोर?"

लिऑनने टीव्हीला शिवी हासडली. चेक भाषेत! सासरे गेल्यापासून या घरात चेक शिवी ऐकली नव्हती.

घरी पाठवलं म्हणे. चार महिने तुरुंग, मग दहा वर्षं प्रोबेशन, म्हणजे बाहेर, पण कोर्टाच्या देखरेखीखाली, दारूचा थेंबही बंद. लेसी चोवीस वर्षांची, कर्टिसच्या बरोबरची, डान्स हॉलवरून दोघं परतत होते, दोघंही प्यालेले. गाडी तिच्या हातात होती एवढाच फरक. आणि माझ्यासमोर उभा राहून दया मागितली ती तिच्या वकिलाने नव्हे. कर्टिसच्या बापाने. वेंडल ऑकली, टोपी हातात चुरगाळत: "जजबाई, एक पोर गेलं. दुसरं आत घालून माझं परत येणार नाही."

जाहिरातीत वेंडलचं नावसुद्धा नाही.

५ ऑक्टोबर

डॉटी स्पर्लॉकचा फोन. डॉटी म्हणजे आमच्या पक्षाची काउंटी-अध्यक्ष, तिच्या फोनला 'हॅलो' नसतं. "वर्ना, ऐक. वेंडलला कॅमेऱ्यासमोर बसव. अर्धा मिनिट. 'जजबाईंनी माझं ऐकलं' एवढंच म्हणू दे. लन्सफर्डचे दात घशात!"

नाही म्हटलं. लेसी अजून दहा वर्षं माझ्या कोर्टाच्या हाताखाली आहे. तिच्याच केसमधल्या माणसाला मी माझ्या मतांसाठी उभा करू?

"अगं पण तो खरंच बोलेल!"

"म्हणूनच नको."

"तुझं हे सोवळं घेऊन घरी बसशील नोव्हेंबरात," म्हणाली आणि ठेवला.

९ ऑक्टोबर

टीव्हीवर फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात ती जाहिरात दोनदा. बेकरीतल्या बाईने आज माझ्याकडे न बघता सुटे पैसे दिले.

१४ ऑक्टोबर

डॉटी गेलीच! मला न विचारता, कॅमेरावाल्याला घेऊन, वेंडलच्या दारात.

मला कळलं ते वेंडलकडूनच. पशुखाद्याच्या दुकानात लिऑनबरोबर गेले होते, वेंडल मक्याच्या पोत्यांपाशी. टोपी काढली.

"ती लाल कोटवाली बाई आली होती, जजबाई. मी परत पाठवली."

"माफ करा, वेंडल. मी तिला पाठवलं नव्हतं."

"ते वाटलंच मला." मग म्हणाला, "तुम्ही स्वतः मागितलंत तर मात्र बोलेन मी. त्या लोकांनी माझ्या पोराचा फोटो न विचारता घेतला. तुम्ही विचारा. नाही म्हणणार नाही."

मला ही खुर्ची हवी आहे. खूप हवी आहे. इथे तरी खोटं कशाला लिहू? आणि माणूस समोर उभा, देतो म्हणतोय! 'हो' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "तुमची गुरं कशी आहेत?"

त्याने टोपी परत डोक्यावर चढवली. मग हसला. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्याला. "रोडावलीत. पाऊस नाही ना."

लिऑनने पोती मागे टाकली, गाडी सुरू केली. मग म्हणाला, "पडलीस तर कोंबड्या पाळू." पाच मिनिटांनी: "तशीही मला त्या पाळायच्याच होत्या."

२२ ऑक्टोबर

प्रोबेशन ऑफिसरचा लेसीबद्दलचा अहवाल: नोकरीवर वेळेत, चाचण्या स्वच्छ, चर्चच्या पाळणाघरात मदत करते. वाचून दोनदा टेबलावर बोटं वाजवली. माझं चुकलं नव्हतं! लन्सफर्डच्या दारावर जाऊन हे मोठ्याने वाचावंसं वाटलं. वाचणार नाही अर्थात. पण वाटलं.

२ नोव्हेंबर

जिंकले!

आणि का जिंकले? आमच्या पक्षाचा गव्हर्नर या वेळी धो धो मतं घेऊन आला, आणि लोकांनी मतपत्रिकेतल्या सगळ्यात वरच्या एका चौकोनात खूण करून सगळा पक्ष एका दमात निवडून दिला. मी त्याच्या मागे लटकून आत. आमचे कॉरोनरचे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या पदाचे उमेदवार तर ऑगस्टमध्येच वारले — छपाई झाली होती, नाव राहून गेलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त मतं!

म्हणजे ती जाहिरात, माझं सोवळं, वेंडल, काही काही मोजलं गेलं नाही. मेलेल्या माणसाकडून हरले मी! डॉटीने मला मिठी मारली, "सांगितलं होतं ना!" म्हणाली. काय सांगितलं होतं, ते आता तिलाही आठवत नसणार.

लिऑनने खसखशीचे कोलाचे, त्याच्या आजोळचे गोड चेक पाव, केले. माझ्या दातांत खसखस, आणि पेपरवाल्याने नेमका तोच फोटो काढला.

३ नोव्हेंबर

लन्सफर्डचा फोन. अभिनंदन, वगैरे. मग, "त्या पोराच्या फोटोबद्दल... विचारायला हवं होतं."

"मला सांगू नका. वेंडलला सांगा."

गेला म्हणे तो. वेंडलने त्याला आत बोलावून कॉफी दिली. त्या दोघांत काय बोलणं झालं कळलं नाही. पण माझं मन आज इतकं हलकं आहे की निकालपत्रातल्या टायपिंगच्या चुकासुद्धा आवडल्या.

९ डिसेंबर

प्रोबेशन ऑफिसरचा फोन, सकाळी, कोर्ट भरायच्या आधी. लेसी काल संध्याकाळी गाडीसकट कालव्यात. प्यालेली. शेजारी पाळणाघरातली एक बाई बसली होती. ती बाई गेली, लेसी वाचली.

प्रोबेशन रद्द करायचं का, त्याची सुनावणी सोमवारी. माझ्यासमोर.

क्लार्कने वेंडलचा निरोप आणून दिला: "मी येईन. या वेळी काही मागणार नाही."